धोका पातळीची रेषा कोण आखणार? लोकशाही देशांच्या लोकप्रतिनिधींना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनच्या हवामान संस्थेने व्हॅलेन्सिया प्रांतासाठी अतिवृष्टीचा लाल इशारा दिला, तेव्हा सकाळ होती. तिथल्या विद्यापीठाने तर अंदाज वाचून आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवशीचे वर्ग रद्द केले होते. नागरिकांच्या मोबाइलवर धोक्याचा संदेश मात्र रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी वाजला. तोवर कितीतरी माणसे गाड्यांमध्ये, तळघरांत, तळमजल्यांवर पाण्यात अडकली होती. त्या पुरात २२०हून अधिक जण गेले.

हे पत्र त्या सकाळपासून रात्रीपर्यंतच्या बारा तासांबद्दल आहे. अंदाज होता, लाल रंग होता, एकाच वेळी लाखो मोबाइल वाजवणारी यंत्रणाही होती. ती कधी वाजवायची हे ठरवणे वेगळ्या कार्यालयाच्या हाती होते, आणि ते ठरले उशिरा. आज जवळजवळ प्रत्येक सरकार हवामान बदलाला तोंड देण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा (एआयचा) आधार घेऊ पाहते आहे. मी त्याच्या विरोधात नाही. ही यंत्रे आणखी वेगाने यावीत असेच मला वाटते. पण ती आत येत असताना आपल्या सभागृहाचा एक अधिकार मागच्या दाराने बाहेर चालला आहे. त्यावर चर्चा झालेली नाही, मतदान तर नाहीच.

नदीकाठी राहणाऱ्या माणसाला दोन शब्द पाठ असतात: इशारा पातळी आणि धोका पातळी. पुलाच्या खांबावर आकड्यांची पट्टी रंगवलेली असते आणि पाणी कुठवर चढले हे शाळकरी पोरालाही वाचता येते. रेषा चुकीच्या जागी असेल तर भांडता येते. ‘गेल्या वेळी पाणी रेषेच्या खाली होते, तरी आमच्या घरात शिरले’ असे सांगता येते, निवेदन देता येते, मोर्चा नेता येतो आणि शेवटी रेषा खाली आणायला लावता येते. आता हीच रेषा खांबावरून उठून अंदाज काढणाऱ्या एखाद्या संगणकीय मॉडेलच्या पोटात जाते आहे. तिथे ती एक संख्या असते. कुणीतरी, कुठेतरी, कुठल्यातरी बैठकीत ती भरलेली असते. तिच्याशी भांडायला कुठल्या पुलावर जायचे, हे लोकांना ठाऊक नसते. बऱ्याचदा आपल्यालाही ठाऊक नसते.

या यंत्रांचे जे श्रेय आहे ते आधी त्यांना देते. जुन्या पद्धतीत हवामानाचा अंदाज म्हणजे भौतिकशास्त्राची समीकरणे महासंगणकावर तासन्‌तास सोडवणे. नवी मॉडेल्स समीकरणे सोडवत नाहीत. वारा, दाब, तापमान, आर्द्रता यांचा अनेक दशकांचा इतिहास पाहून आज अशी हवा असेल तर सहा तासांनी कशी असते, हे ती शिकतात. गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीचे ग्राफकास्ट हे मॉडेल २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. दहा दिवसांचा जागतिक अंदाज ते एका मिनिटाच्या आत देते. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘ली’ हे चक्रीवादळ कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाला धडकणार हे त्याने नऊ दिवस आधी सांगितले. प्रचलित अंदाजांना त्याबद्दलची खात्री साधारण सहा दिवस आधी आली. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने फेब्रुवारी २०२५पासून स्वतःचे असे मॉडेल रोजच्या कामात आणले आहे, आणि एक अंदाज काढायला त्याला जुन्या पद्धतीच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतकीच ऊर्जा लागते असे केंद्र सांगते.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुराची गोष्ट. जगातल्या बहुसंख्य नद्यांवर पाणी मोजणारे केंद्रच नाही. २०२४मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या गूगलच्या संशोधकांच्या अभ्यासाने दाखवले, की ज्या नदीवर एकही मापक नाही तिच्या मोठ्या पुराचा अंदाजही अशा मॉडेलला पाच दिवस आधी देता येतो, आणि तो त्याआधीच्या जागतिक यंत्रणेच्या त्याच दिवशीच्या अंदाजाइतका भरवशाचा असतो. पाच दिवस म्हणजे काय, हे गुरे वर न्यायची असलेल्या, बियाणे कोरडे ठेवायचे असलेल्या, घरात अंथरुणाला खिळलेली आजी असलेल्या माणसाला विचारावे. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालानुसार २०१० ते २०२० या दशकात पूर, दुष्काळ आणि वादळांतले मृत्यू अतिशय असुरक्षित प्रदेशांत सर्वांत सुरक्षित प्रदेशांच्या पंधरापट होते. ज्यांच्याकडे महासंगणक घ्यायला पैसा नव्हता त्यांच्या हाती चांगला अंदाज येणे, ही या तंत्रज्ञानाने केलेली सर्वांत न्याय्य गोष्ट आहे.

मात्र हे मॉडेल स्वतः काही मोजत नाही, हे लक्षात घ्या. ते जे शिकले ते सार्वजनिक पैशातून जमवलेल्या नोंदींवर: रोज ठरलेल्या वेळी आकाशात सोडलेले फुगे, जहाजांवरचे वायुभारमापक, उपग्रह, आणि तीस-तीस वर्षे एकाच ठिकाणी पाऊस मोजून वहीत लिहिणारी माणसे. ग्राफकास्टसारखी मॉडेल्स ज्या ऐतिहासिक संचावर शिकली तो याच युरोपीय केंद्राने सार्वजनिक पैशातून तयार केला आणि सर्वांना खुला ठेवला. म्हणून एखादा अर्थमंत्री सभागृहात उभा राहून ‘आता एआय आले आहे, तेव्हा वेधशाळांवरचा खर्च कमी करू’ असे म्हणाला, तर त्याला तिथेच अडवा. मापक बंद पडले की यंत्राचा एक डोळा मिटतो, आणि मिटलेल्या डोळ्याने केलेला अंदाजही ते तितक्याच ठामपणे सांगते.

आता अवघड भागाकडे येते.

सरासरी चूक कमी ठेवायला शिकवलेले यंत्र टोकाचे बोलायला कचरते. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी मॉडेलला शिकवताना तिसऱ्या श्रेणीपासून पुढची सगळी चक्रीवादळे मुद्दाम लपवून ठेवली (जोरानुसार पाच श्रेणी असतात, पाचवी सर्वांत भीषण). मग पाचव्या श्रेणीच्या वादळाची सुरुवातीची स्थिती त्याच्यापुढे ठेवली. काहीतरी येते आहे हे मॉडेलला कळले, पण ते दुसऱ्या श्रेणीपलीकडे गेले नाही. प्रयोगाची दुसरी बाजूही सांगायला हवी: एका समुद्रातली मोठी वादळे शिकवली तर दुसऱ्या समुद्रातली ते ओळखू शकले. म्हणजे त्याला पाहिलेले आठवते आणि काही प्रमाणात दुसरीकडे लावताही येते. कधीच न पाहिलेल्या जोराची कल्पना मात्र त्याला करता येत नाही. आणि तापत्या पृथ्वीवर आपल्याला भीती आहे ती नेमकी आजवर कुणी न पाहिलेल्याची.

कधी कधी ते पाहिलेलेही असते, फक्त नोंदीत नसते. जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात जुलै २०२१मध्ये पूर आला. युरोपीय पूर-सूचना यंत्रणेने काही दिवस आधीपासून त्या भागासाठी इशारे दिले होते, तरी एकट्या त्या खोऱ्यात १३०हून अधिक माणसे मेली. नंतर लोकांनी पूररेषांचे अधिकृत नकाशे काढून पाहिले. ते नदीवरच्या मापकाच्या नोंदींवर बेतलेले होते, आणि त्या नोंदी विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या होत्या. त्याच खोऱ्यात १८०४ आणि १९१० साली आलेले भीषण पूर त्या हिशेबात नव्हते. इतिहासाच्या कागदपत्रांत ते होते. संगणकाला मात्र ते कुणी सांगितले नव्हते. ही चूक एआयच्या आधीची आहे. जुन्या नोंदींवर शिकणारे कुठलेही मॉडेल ती तशीच उचलेल, आणि तिला अचूकतेचा शिक्काही बसेल. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना, देवळा-चर्चच्या भिंतीवर कोरलेल्या जुन्या पूरखुणांना, स्थानिक अभिलेखागाराला या यंत्रणेत जागा आहे का, हा प्रश्न आपण विचारू शकता. मॉडेल विकणारा तो विचारणार नाही.

माझे मुख्य म्हणणे पुढे आहे. आधुनिक अंदाज एकच भविष्य सांगत नाही. युरोपीय केंद्र सुरुवातीच्या स्थितीत थोडे थोडे फरक करून ५१ भविष्ये काढते. समजा, त्यांतल्या २० भविष्यांत नदी धोका पातळी ओलांडते आणि ३१ भविष्यांत ओलांडत नाही. सायरन वाजवायचा का? ५१ पैकी दहाच असतील तर? विज्ञान इथवर आणून सोडते आणि थांबते, कारण पुढचा प्रश्न विज्ञानाचा नाही. सायरन वाजवला आणि पाणी आले नाही, तर हातावर पोट असलेल्या माणसाचा दिवस बुडतो, कारखाना बंद राहतो, शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जातात आणि पुढच्या वेळी लोक सायरनकडे दुर्लक्ष करतात. वाजवला नाही आणि पाणी आले, तर माणसे मरतात. या दोन नुकसानांत किती हिशेब कुणाच्या पदरात टाकायचा, हा शुद्ध राजकीय निर्णय आहे. राजकीय म्हणजे वाईट नव्हे. ज्याच्यावर त्याचा परिणाम होणार त्याला ‘तुम्ही असे का ठरवले’ असे विचारण्याचा हक्क आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आजच्या करारांत हा निर्णय कुठे बसतो ते पाहा. यंत्रणा पुरवणाऱ्याला सांगितले जाते, ‘खोटे इशारे कमी करा.’ निविदेत कामगिरीचा निकष लिहिला जातो. अभियंता प्रामाणिकपणे तो निकष गाठतो: इशाऱ्यासाठी किती भविष्यांत पूर दिसायला हवा तो आकडा वाढवतो, दहाच्या जागी वीस, विसाच्या जागी तीस. बदललेल्या आकड्यावर कुणाची सही नसते. मॉडेल कंपनीची मालमत्ता असल्याने आतले उघड करता येत नाही असे करारातच लिहिलेले असते. पुढे एखाद्या रात्री सायरन वाजत नाही. चौकशी समिती बसते आणि तिला सांगितले जाते, की मॉडेलने शक्यता कमी दाखवली. मॉडेलला निवडणुकीत पाडता येत नाही, साक्षीला उभे करता येत नाही, राजीनामा मागता येत नाही. व्हॅलेन्सियात निदान लोकांना कुणाच्या नावाने रस्त्यावर उतरायचे हे माहीत होते. लाखोंनी लोक उतरले आणि वर्षभराने प्रांताच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. ती जागा यंत्राने व्यापली, तर लोकांचा राग कुठे जाणार, याचा विचार मी करते तेव्हा मला खरोखर भीती वाटते.

इशारा पोहोचला तरी माणूस घर सोडतो तो विश्वासाच्या जोरावर. १९७०च्या चक्रीवादळात आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर तीन ते पाच लाख माणसे मेली असे मानले जाते. त्यानंतर तिथे स्वयंसेवकांची फळी उभी राहिली; आज तिच्यात ७६ हजारांहून अधिक लोक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. २०२०मध्ये अम्फान चक्रीवादळ आले तेव्हा वीस लाखांहून अधिक लोक निवाऱ्यांत हलवले गेले आणि त्या देशातल्या मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. ध्वनिवर्धक घेऊन दारोदार जाणारी बाई ओळखीची असते, तिने मागच्या वर्षी खरे सांगितलेले असते, आणि ती चुकली तर दुसऱ्या दिवशी तिला गल्लीतच गाठता येते. या फळीच्या हाती पाच दिवस आधीचा अंदाज द्या, मग एआयचे सोने होईल. फळी मोडून तिच्या जागी मोबाइल ॲप दिले, तर होणार नाही.

आपत्तीनंतरच्या मदतीतही हेच आहे. २०२०मध्ये टोगोच्या सरकारने महासाथीच्या काळात उपग्रहचित्रे आणि मोबाइल वापराच्या नोंदींवरून गरीब वस्त्या आणि गरीब माणसे शोधून थेट मोबाइलवर पैसे पाठवले. नीट जनगणना नाही, नोंदणी नाही, घरोघर जाणे शक्य नाही, अशा वेळी ते बऱ्याच अंशी जमले. पण ज्याच्याकडे फोन नाही तो त्या यादीत येऊच शकत नव्हता. संशोधकांनी कोण वगळले जाते हे स्वतःहून मोजले आणि छापले, म्हणून तर आपल्याला ते कळले. याउलट नेदरलँड्सच्या कर खात्याने बालसंगोपन अनुदानात फसवणूक शोधण्यासाठी जोखमीचे गुण देणारी प्रणाली वापरली, आणि नागरिकत्व हाही तिच्यात एक निकष होता. हजारो कुटुंबांना चुकीने फसवे ठरवून पैसे परत मागितले गेले. त्यांना कारण विचारता येत नव्हते, कारण समोर बसलेल्या कर्मचाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते. जानेवारी २०२१मध्ये त्यावरून पूर्ण मंत्रिमंडळ गेले. पुराने घर गेलेल्या माणसाला उद्या ‘तुमचा अर्ज प्रणालीने नाकारला’ असे सांगितले जाऊ नये, यासाठी कायदा आजच लिहावा लागेल. पाणी ओसरल्यावर घाईघाईने काढलेल्या आदेशाने ते होणार नाही.

लोकांचे म्हणणे ऐकण्यासाठीही यंत्र वापरले जाते आहे, आणि त्यात आशाही आहे, धोकाही. तैवानने २०१५मध्ये टॅक्सीसेवेच्या वादावर ‘पोल.इज’ (Pol.is) नावाचे ऑनलाइन साधन वापरले. कोण कुठल्या विधानांशी सहमत आहे यावरून ते लोकांचे गट पाडते आणि भांडणाऱ्या गटांना सामाईक वाटणारी विधाने वर आणते. पुढची चर्चा मात्र माणसांनी समोरासमोर, सगळ्यांना पाहता येईल अशी केली. फ्रान्सने २०१९च्या राष्ट्रीय चर्चेत ऑनलाइन आलेली जवळजवळ वीस लाख मते संगणकाकडून वाचून घेतली. गावोगावच्या नगरभवनांत लोकांनी हाताने लिहिलेल्या वह्या मात्र वर्षानुवर्षे अभिलेखागारांत पडून राहिल्या. लिहिणाऱ्याला आपण लिहिलेले कुणी माणसाने वाचले का, एवढे कळायला हवे असते. धरण, पूररेषा, गाव हलवणे असे विषय असतील तर ती वही आपण स्वतः वाचली पाहिजे. सारांश वाचून तिथल्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही.

विजेबद्दल एकच मुद्दा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४मध्ये जगातल्या डेटा सेंटर्सनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे जगाच्या वापराच्या दीड टक्का, आणि २०३०पर्यंत हा आकडा दुपटीहून वर जाईल. हवामानाची मॉडेल्स त्यात नगण्य आहेत. भार आहे तो इतर कामांचा. तेव्हा ‘एआय हवामान वाचवते’ असे सांगून कुणी डेटा सेंटरसाठी पाण्याची आणि विजेची सवलत मागितली, तर त्या सवलतीतले किती खरोखर हवामानाच्या कामी जाते हे विचारून घ्यावे.

आपल्याला नवे तत्त्वज्ञान शोधायला नको. १९९८च्या आर्हस या आंतरराष्ट्रीय कराराने पर्यावरणाच्या बाबतीत नागरिकाला तीन हक्क दिले: माहितीचा, निर्णयात भाग घेण्याचा आणि न्याय मागण्याचा. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन देशांनी २०१८च्या एस्काझू करारात तेच स्वीकारले. सप्टेंबर २०२४मध्ये कौन्सिल ऑफ युरोप या युरोपीय देशांच्या मानवी हक्क संघटनेने एआय, मानवी हक्क आणि लोकशाही यांवरचा करार सह्यांसाठी खुला केला. नदी किती शक्यतेला ‘धोकादायक’ ठरवायची हा आकडा पर्यावरणाची माहितीच आहे, असे आपल्या कायद्यात एका ओळीत लिहिता येईल. तो आकडा बदलला तर तो कुणी, कधी, का बदलला हे जाहीर व्हावे. त्याखाली एका नावाची सही असावी आणि ते नाव माणसाचे असावे. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या मॉडेलचा करार करताना चौकशीच्या वेळी ते उघडण्याचा हक्क विकून टाकू नये. प्रत्येक मोठ्या पुरानंतर, वादळानंतर, उष्णतेच्या लाटेनंतर यंत्राने काय सांगितले होते आणि आपण काय केले हे शेजारी शेजारी ठेवून छापावे, इशारा खोटा ठरला असेल तेव्हाही.

२०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी पाच वर्षांत पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला पूर्वसूचनेचे छत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०२७ ही त्याची मुदत आहे, आणि ती गाठण्याच्या घाईत येत्या महिन्यांत पुष्कळ करार होतील. त्यांतले काही आपल्या देशातही होतील, कदाचित आपल्या समितीपुढे येतील, कदाचित येणारही नाहीत. म्हणून माझी विनंती छोटी आहे. येत्या अधिवेशनात एक लेखी प्रश्न विचारा: आपल्या देशात पुराचा, वादळाचा आणि उष्णतेचा इशारा किती शक्यतेला दिला जातो, तो आकडा कुणी ठरवला आणि शेवटचा कधी बदलला? उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवायला लावा. उत्तर देणाऱ्या मंत्र्याला ते शोधायला किती दिवस लागले, तेही आम्हाला कळू द्या.

आपली,
नदीकाठच्या मतदारांपैकी एक